डोंगरमाथ्यावरून

उंच जागेची ओढ मला लहानपणापासून आहे. वसईच्या किल्ल्याच्या तटावर चढून खाडीकडे पाहत बसण्यांत माझ्या कितीतरी सुट्या गेल्या. पुढें शिक्षणासाठीं पुण्यास आलों आणि पर्वतीनें त्या तटाची जागा घेतली. इतिहासाचा प्राध्यापक झाल्यावर तर या हौसेला मीं शास्त्राचें रूप दिलें. गेलीं अठ्ठावीस वर्षें दर हिवाळ्यांत मी आपला वर्ग पर्वतीवर नेत आलों आहें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावानें पर्वतीवरून पाहिली असें सांगतात. त्याच ठिकाणीं उभा राहून मी हातांतल्या काठीनें मुलांना मुळा नदी कोठें, गणेशखिंड कोठें, इंग्रजांची फळी कोठें आणि मराठ्यांचें घोडदळ कोठून सुटलें, हें सारें दाखवितों. पुस्तकांतल्या चार पानांनीं जें उमजत नाहीं तें येथें दहा मिनिटांत उमजतें. "उंचावरून पाहिल्याखेरीज इतिहास कळत नाहीं," हें माझें आवडतें वाक्य. माझ्या आवाजांत तें म्हणून दाखविणारे विद्यार्थी वसतिगृहांत आहेत असेंहि माझ्या कानांवर आलें आहे.

तीन वर्षांपूर्वीं माझें हें व्याख्यान रंगांत आलें असतां एका मुलीनें मध्येंच विचारलें, "सर, बाजीराव इथं होता. पण तिकडे खालीं जे होते, त्यांचीं नांवं आपल्याला ठाऊक आहेत का?" मीं मोर दीक्षितांचें नांव सांगितलें. जरीपटका संभाळतांना ते त्या लढाईंत पडले. "आणखी?" ती म्हणाली. मला हंसूं आलें. "अहो बाई, नांवांच्या याद्या पाठ करणं म्हणजे इतिहास नव्हे," असें कांहींसें मी बोललों. मुलेंहि हंसलीं. ती मुलगी गप्प बसली आणि माझी काठी पुन्हां गणेशखिंडीकडे वळली. हा प्रसंग मी साफ विसरून गेलों होतों. तो मला आठवला तो पुण्यास नव्हे. जपानांत, नागासाकी शहराच्या डोक्यावर उभ्या असलेल्या एका डोंगराच्या माथ्यावर.

आमची कन्या नोकरीनिमित्त फुकुओका शहरीं राहते. २०२५ सालच्या नोव्हेंबरांत आम्ही उभयतां तिच्याकडे गेलों होतों. तिला रजा मिळेना, म्हणून दोन दिवसांसाठीं आम्ही दोघेंच नागासाकीला निघालों. मध्यें एकदां गाडी बदलून दोन तासांच्या आंत तेथें पोहोंचलों. डोंगरांनीं तिन्ही बाजूंनीं वेढलेलें आणि समुद्राच्या एका लांबट फांट्याला बिलगून बसलेलें हें शहर पाहतांच मला कोंकणची आठवण झाली. सपाट जागा इतकी थोडी कीं घरांना डोंगर चढण्यावांचून गत्यंतरच उरलें नाहीं. रस्ते संपतात, पायऱ्या सुरू होतात, आणि पायऱ्या संपतात तेथें कुणाचा तरी दरवाजा असतो.

आमचें बिऱ्हाड असेंच एका पायऱ्यांच्या वाटेवर होतें. शहराच्या पूर्व अंगाला देवळांची एक लांबच लांब ओळ आहे; तिच्या वर, टेंकडीच्या उतारावर एक जुनें लांकडी घर. घराची मालकीण ऐंशीच्या घरांतली एक वृद्धा. घर तिच्या आजोबांच्या वेळचें होतें, एवढें तिच्या खुणांवरून आणि आमच्या जवळच्या भाषांतर करणाऱ्या फोनवरून आम्हांला समजलें. सकाळीं न्याहारीला तिनें पावाच्या तुकड्यांची बशी पुढें ठेवली आणि म्हणाली, "पान." आमची ही गोंधळली, तिला विड्याचें पान आठवलें असावें. मग माझ्या लक्षांत आलें कीं जपानी लोकांचें ‘पान’ आणि आपला ‘पाव’ हीं सख्खीं भावंडें. दोघांचा बाप पोर्तुगीज. १५७१ सालीं पोर्तुगीजांच्या व्यापारासाठीं हें बंदर खुलें झालें, त्यापूर्वीं पाऊणएक शतकच ते आपल्या किनाऱ्यावर उतरले होते. एकाच भट्टीचा वास गोव्यास, वसईस आणि येथें पोहोंचला होता. मीं हें हिला समजावून सांगितलें. हिनें तें ऐकून घेतलें आणि म्हाताऱ्या बाईंना पिशवींतून चिवड्याची पुडी काढून दिली. दोघींची ओळख माझ्या व्युत्पत्तीवांचूनच झाली.

खोलीच्या खिडकींतून समोर, बंदराच्या पलीकडे, माथ्यावर मनोरे असलेला एक डोंगर दिसत होता. "इनासा," बाई म्हणाल्या. संध्याकाळीं आम्ही तेथेंच जाणार असें कळल्यावर त्यांनीं दोन्ही डोळे मिटून मान हलविली, म्हणजे दृश्य फारच सुंदर. मग आमच्या खिडकींतल्या दिव्याकडे बोट करून कांहींतरी सांगितलें. तुम्ही परत येईपर्यंत हा दिवा मी लावून ठेवीन, असा त्याचा अर्थ हिनें लावला. आणि तो बरोबर होता.

इनासा डोंगर फार उंच नाहीं. ३३३ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या हिशेबानें टेंकडीच. पायथ्याशीं फुचि नांवाचें एक शिंतो देवस्थान आहे, त्याच्या शेजारून तारेवर चालणारा पाळणा वर जातो. १९५९ सालीं सुरू झालेला हा तारमार्ग १,०९० मीटर लांबीचा आहे आणि तो चढण्यास पांच मिनिटें लागतात. पाळण्याच्या भिंती कांचेच्या. पायांखालून झाडांचे शेंडे, मग घरांचीं छपरें, मग रस्त्यांच्या रेघा सरकत गेल्या. ही माझा हात घट्ट धरून होती. खालीं पाहूं नये असा तिचा निश्चय होता आणि मध्यावर आल्यावर तो ढळला.

माथ्यावर एक वाटोळी, कांचेची इमारत आहे आणि तिच्या गच्चीवरून चोहोंकडे पाहतां येतें. आम्ही पोहोंचलों तेव्हां सूर्य नुकताच मावळला होता. पश्चिमेस समुद्र आणि त्यांत काळसर होत चाललेलीं बेटें. दुसऱ्या अंगाला खालीं तें बंदर. त्याच्या लांब, वांकदार आकारावरून तेथले लोक त्याला फार पूर्वींपासून ‘सारसाचें बंदर’ म्हणतात. बंदराच्या तोंडाशीं २००५ सालीं पुरा झालेला मेगामी पूल. कांठाशीं जहाजांचा प्रचंड कारखाना आणि त्यांत १९०९ साली उभी केलेली, अजूनहि काम करणारी एक राक्षसी यारी. आमच्या डोळ्यांदेखत दिवे लागूं लागले. प्रथम बंदराच्या कांठानें एक ओळ उमटली, मग ती दऱ्यांतून आंत शिरली, आणि मग उतारांवरून वर वर चढत गेली. सपाट शहरांत दिवे अंथरलेले दिसतात. येथें ते तिन्ही बाजूंनीं उभे राहिलेले दिसतात. एखाद्या विशाल ओंजळींत कुणी निखारे भरून धरावे तसें. तेथील लोक याला ‘एक कोटी डॉलरचें दृश्य’ म्हणतात, आणि २०१२ सालीं हाँगकाँग व मोनॅको यांच्या जोडीनें जगांतील तीन श्रेष्ठ रात्रदृश्यांत याची गणना झाली. मला डॉलरांचा हिशेब करतां येत नाहीं. पण इतकें रम्य दृश्य मी आयुष्यांत फार थोड्या वेळां पाहिलें आहे, हें मात्र खरें.

सौंदर्य पाहून गप्प राहावें हा शहाणपणा माझ्या धंद्यांत नाहीं. माझ्या हातांत छत्री होती. तिची काठी केव्हां झाली तें माझें मलाच कळलें नाहीं. मीं हिला सांगण्यास सुरुवात केली.

"तो कारखाना पाहिलास? तेथें ‘मुसाशी’ नांवाची अजस्र युद्धनौका बांधली. ती कुणाला दिसूं नये म्हणून काथ्याच्या दोरांचे प्रचंड पडदे लावले होते. १ नोव्हेंबर १९४० रोजीं ती पाण्यांत सोडली, तेव्हां हवाई हल्ल्याची कवायत आहे असें सांगून लोकांना घरांत बसवून ठेवलें. ज्या गांवाला निसर्गानें चोहोंकडे सज्जे दिले, त्या गांवाला खालीं पाहण्याची बंदी!"

मग माझी छत्री उत्तरेकडे वळली. ९ ऑगस्ट १९४५. त्या सकाळीं अणुबाँब घेऊन निघालेल्या विमानाचें पहिलें लक्ष्य नागासाकी नव्हतेंच. तें कोकुरा शहर होतें. कोकुऱ्यावर ढग आणि धूर इतका होता कीं तीन फेऱ्या घालूनहि लक्ष्य दिसेना. विमान नागासाकीकडे वळलें. येथेंहि ढगच. इंधन संपत आलेलें. अखेर ढगांत एक फट दिसली आणि सुमारें नऊ हजार मीटर उंचीवरून बाँब सुटला. तो सोडणाऱ्या सैनिकाचा त्या दिवशीं सत्ताविसावा वाढदिवस होता. ११ वाजून २ मिनिटांनीं, जमिनीपासून सुमारें ५०० मीटरवर तो फुटला. नेम शहराच्या जुन्या मध्यभागावर धरावयाचा होता. प्रत्यक्षांत तो सुमारें तीन किलोमीटर दूर, उराकामीच्या दरींत पडला.

आणि येथें माझें उंचीविषयींचें मत मला पुन्हां एकदां खरें ठरलेलें दिसलें. या शहराला दोन दऱ्या आहेत. एक उत्तरेकडून येणाऱ्या उराकामी नदीची, दुसरी पूर्वेकडून येणाऱ्या नाकाशिमा नदीची. आणि दोहोंच्या मध्यें कोंपिरा नांवाचा डोंगर आडवा पडला आहे. उराकामीची दरी जळून खाक झाली. नाकाशिमेच्या दरींतलीं कितीतरी घरें, देवळें आणि १६३४ सालचा दगडी पूल मात्र त्या डोंगराच्या आडोशानें त्या दिवसांतून वांचलीं. हें मीं पुस्तकांत अनेकदां वाचलें होतें. पण कोण वांचलें आणि कोण मेलें याची सीमारेषा डोंगराच्या धारेनें आंखलेली असते, हें मला त्या माथ्यावर प्रथमच डोळ्यांनीं दिसलें. "सुमारें ७४ हजार माणसं त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मेलीं," मीं व्याख्यानाचा समारोप केला. हा आंकडा मी दर वर्षीं फळ्यावर लिहितों. मुलें तो उतरून घेतात, कारण तो परीक्षेंत येतो.

ही शांतपणें ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "तें सगळं खरं. पण अहो, आपली खोली कुठली?"

मीं पूर्वेकडे मोघम छत्री फिरविली. "त्या बाजूला."

"तसं नव्हे. बाईंनीं दिवा लावून ठेवते म्हणून सांगितलंय. ह्यांतला आपला कुठला?"

मीं पाहण्याचा प्रयत्न केला. प्रथम नदी शोधली, मग देवळांची ओळ, मग तिच्या वरचा उतार. तेथें शेंकडों दिवे होते. त्यांतला कोणताहि आमचा असूं शकत होता. चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. ही कठड्यावर कोंपरें टेंकून चिकाटीनें पाहत होती, "तो पिवळा असेल, नाहीं, तो फारच खालीं आहे," असें स्वतःशींच पुटपुटत होती. एवढ्या विशाल देखाव्यांत तिला एकच गोष्ट पाहावयाची होती आणि तेवढी मात्र दिसत नव्हती.

शोधतां शोधतां एका विचारानें माझा हात कठड्यावरच थबकला. आमचें बिऱ्हाड शहराच्या त्या जुन्या भागांतच होतें. ज्या मध्यभागावर त्या दिवशीं नेम धरावयाचा होता, त्याच्या लगतच बाईंच्या आजोबांचें घर उभें होतें. ढगांची फट आणखी थोड्या पूर्वेला पडती, तर तें घर, त्या घरांतली न्याहारीची बशी, आणि आमच्यासाठीं जळणारा तो दिवा यांपैकीं कांहींहि राहतें ना. उराकामींत अशींच घरें होतीं आणि त्यांतहि असेच कुणासाठीं तरी लावून ठेवलेले दिवे होते. मघांपासून मी ज्याला ७४ हजार म्हणत होतों तें हें होतें.

त्या सैनिकाला दोष देऊन मोकळें व्हावें इतकें हें सोपें नाहीं. नऊ हजार मीटरांवरून त्याला माणूस दिसणें शक्य नव्हतें. त्याला शिकविलेंच होतें तें पाहण्याचें त्या उंचीवरून. मी ३३३ मीटरांवर होतों आणि मला खिडकी दिसत नव्हती. पर्वतीवर तर मी सत्तरऐंशी मीटरांवरच उभा असतों. उंचीवरून आकार कळतो. दरी, खिंड, सैन्याची चाल, वांचलेल्यांची आणि मेलेल्यांची सीमा हीं कळतात, आणि तीं कळलीं पाहिजेत. पण आकार दिसूं लागला कीं माणसें दिसेनाशीं होतात, आणि तीं दिसत नाहींत हेंहि मग आपल्याला दिसत नाहीं. त्या क्षणीं मला पर्वतीवरचा तो प्रश्न आठवला: "आणखी?" ती मुलगी आठवली, तिचा आवाज आठवला, हातांतली वही आठवली. नांव आठवेना. जिनें मला नांवें विचारलीं होतीं तिचेंच नांव मला ठाऊक नव्हतें.

खालीं उतरण्यापूर्वीं मीं आणखी एक जागा शोधली आणि ती मात्र मला बरीचशी अचूक सांपडली. रेल्वेच्या स्टेशनाजवळ निशिझाका नांवाची एक लहान टेंकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं हिदेयोशीच्या हुकुमानें तेथें २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढविलें. त्यांत २० जपानी होते, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकोचा. आणि सव्विसावा होता गोन्सालो गार्सिया, आमच्या वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इकडची. जपानी भाषा इतकी चांगली शिकला कीं पुढें फ्रान्सिस्कन संघांत शिरल्यावर तो त्यांचा दुभाष्या झाला. १८६२ सालीं त्याला संतपद मिळालें. त्याच्या नांवाचें चर्च आणि कॉलेज वसईंत आहे. आमच्या शेजारीं एक ख्रिस्ती आजी राहत. त्यांच्या ओटीवर त्याची तसबीर असे, आणि पुढें ‘हा आपल्या गांवचा’ असें त्या आम्हां हिंदु पोरांनाहि अभिमानानें सांगत. नागासाकी हें नांव मीं प्रथम त्या ओटीवर ऐकलें. बाँबची गोष्ट फार मागाहून ऐकली.

म्हणून ती टेंकडी मला त्या अंधारांतहि ओळखीची वाटली. सव्वीस जणांतल्या एकाचें नांव मला लहानपणापासून ठाऊक होतें. तेवढ्या एका नांवानें उरलेले पंचवीसहि आंकडा राहिले नव्हते. ही युक्ति इतकी साधी असून इतक्या वर्षांत मला सुचली नव्हती.

परत गेलों तेव्हां पायऱ्यांच्या वळणावरूनच आमची खिडकी दिसली. दिवा जळत होता. "हा बघा," ही म्हणाली, जणूं हरवलेली वस्तु सांपडावी तशी. "अगदीं पांढरा आहे. मी पिवळा शोधत होतें."

दुसऱ्या दिवशीं आम्ही खालच्या गांवांतून हिंडलों. निशिझाकावर १९६२ सालीं उभारलेलें स्मारक आहे: दगडी भिंतीवर ओळीनें २६ ब्राँझच्या आकृत्या, हात जोडलेले, पाय अधांतरीं. वसईचा कोणता हें मीं तेथल्या एका गृहस्थांना विचारलें, तेव्हां त्यांनीं बोटानें दाखविला. हिनें त्याच्यापुढें हात जोडले. आपल्या गांवाकडचा माणूस परमुलखांत भेटला म्हणजे जसे जोडावे तसेच.

तेथून ट्रामनें उराकामीस गेलों. तेथलें मोठें चर्च १९१४ सालीं पुरें झालें होतें. अडीच शतकें चोरून धर्म पाळलेल्या गरीब कुळांनीं तें विटेवर वीट ठेवून बांधलें होतें. बाँब पडला तो त्याच्यापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर. या भागांत सुमारें १२ हजार ख्रिस्ती लोक राहत, त्यांतले सुमारें ८,५०० मेले. चर्चच्या दोन घंटाघरांपैकीं एक उडून खालच्या ओढ्याशीं जाऊन पडलें. तें आज तेथेंच, जसेंच्या तसें पडून आहे. दोन घंटांपैकीं एक ढिगाऱ्यांतून अखंड निघाली आणि १९४५ च्या नाताळांत पुन्हां वाजली. दुसरीची जागा ऐंशी वर्षें रिकामी होती. अमेरिकेंतील कॅथॉलिक लोकांनीं वर्गणी जमवून नवी घंटा दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजीं ११ वाजून २ मिनिटांनीं दोन्ही घंटा मिळून वाजल्या. आम्ही गेलों त्याच्या तीनच महिने आधीं.

जवळच एक स्मृतिभवन आहे. २००३ सालीं उघडलेलें. त्याची सारी इमारत जमिनीच्या पोटांत आहे. वर दिसतें तें केवळ पाण्यानें भरलेलें एक मोठें वर्तुळाकार पात्र. अंधार पडल्यावर त्या पाण्यांत सुमारें ७० हजार बारीक दिवे उजळतात. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जे मेले त्यांच्या स्मरणार्थ हे दिवे. आम्ही कांठावर बसलों. ही मोजूं लागली. शंभराच्या पुढें गेल्यावर तिचें चुकलें. "सगळे मोजायला किती वेळ लागेल हो?" तिनें विचारलें. मीं मनांत भागाकार केला: सेकंदाला एक धरला तर साडेएकोणीस तास, एकदांहि न थांबतां. फळ्यावर तो आंकडा लिहिण्यास मला दोन सेकंद लागतात.

त्या पाण्याच्या खालीं, शांत, उंच खांबांच्या दालनांत मृतांच्या नांवांच्या याद्या जपून ठेविल्या आहेत. वर्षागणिक त्या वाढतात. कारण जे त्या दिवशीं वांचले आणि पुढें वारले, त्यांचींहि नांवें त्यांत मिळवीत जातात. याद्या पाठ करणें म्हणजे इतिहास नव्हे, असें मी एकदां म्हटलें होतें. एका शहरानें वर्षानुवर्षें तेंच काम चालविलें आहे, आणि आपला इतिहास विसरूं नये म्हणूनच चालविलें आहे.

पुण्यास परतल्यावर पहिलें काम म्हणून मीं तीन वर्षांपूर्वींचा हजेरीपट काढला. त्या वर्गांत ६२ नांवें होतीं, त्यांत मुलींचीं ३४. एकेक नांव मोठ्यानें वाचून पाहिलें. चेहरा समोर होता. पण कोणत्याहि नांवाशीं तो जुळेना. तें पान मीं अजून टेबलावर ठेवलें आहे.

या जानेवारींत वर्ग घेऊन पुन्हां पर्वतीवर गेलों. काठी घरींच ठेवली. खडकीकडे तोंड करण्यापूर्वीं मीं मुलांना सांगितलें, "आधीं ज्याचें त्याचें घर शोधा, आणि मला दाखवा." थोडी हंसाहंशी झाली. कुणी कोथरुडाकडे बोट केलें, कुणी स्वारगेटाकडे. वसतिगृहांतल्या मुलांनीं क्षितिजापलीकडचीं गांवें दाखविलीं. मागच्या बाकावर बसणारा, वर्षभर एक शब्दहि न बोललेला एक मुलगा तसाच उभा होता. "तुझें?" मीं विचारलें. त्यानें दूर बोट दाखविलें नाहीं. तो कठड्याशीं गेला आणि सरळ खालीं, टेंकडीच्या उतारावर दाटीनें बसलेल्या पत्र्यांच्या घरांकडे दाखवून म्हणाला, "तें निळ्या कागदाचं छप्पर, सर. बाहेर कपडे वाळत घालतेय ती आई."

अठ्ठावीस वर्षें माझी काठी त्या छपरांवरून खडकीला जात होती. मीं वांकून पाहिलें. एक बाई दोरीवर लाल लुगडें पसरीत होती.

"काय नांव त्यांचें?" मीं विचारलें.

त्यानें सांगितलें. मग आम्ही खडकीकडे वळलों.